पाचामुखी परमेश्वर : कुस्तीचा निकाल आणि प्रेक्षकांचा वाद

चावडीवर पाच जणांनी बसून एक निर्णय दिला, की तो देवाचाच निर्णय मानावा, असे ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण सांगते. शेताच्या बांधाचे तंटे आणि भावाभावांच्या वाटण्या या म्हणीच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या मिटत आल्या. कुस्तीच्या फडावर मात्र तिची पुरती कसोटी लागते. माणदेशात पाऊस बेताचा आणि पीकही बेताचे. परंतु कुस्तीचा शौक कधी बेताचा नव्हता. म्हसवड, दहिवडी, आटपाडी या बाजूच्या गावांतील लोक जत्रेचा फड पाहून घरी परतले, की पुढे आठ-पंधरा दिवस पारावर, आठवड्याच्या बाजारात आणि पिठाच्या गिरणीपाशी एकाच प्रश्नाची उजळणी चालते : अमक्याची पाठ लागली होती, की नव्हती?

या वादात एक चमत्कारिक गोष्ट आढळते. वाद घालणारे दोघेही पुष्कळदा कुस्ती जाणणारे असतात. दोघांनीही एकच झुंज पाहिलेली असते. कित्येकदा दोघांनाही कोणत्याच मल्लाशी नात्याचा वा गावाचा संबंध नसतो. तरीही एक जण तांबड्या लंगोटाला विजयी ठरवितो आणि दुसरा निळ्याला. अशा वेळी समोरच्याला अडाणी किंवा लबाड म्हणणे सोपे असते. परंतु वाद नेमका कशाचा आहे, हे तपासून पाहिले, तर दोघांच्याही बोलण्यात काही तथ्य सापडते. ते तथ्य कोणते आणि पंचाचे काम इतके अवघड का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम जुन्या पद्धतीची कुस्ती पाहू. तांबड्या मातीचा हौदा, हलगीचा कडकडाट, भोवती माणसांचे कडे आणि मध्ये दोन मल्ल. या कुस्तीला घड्याळ नसे आणि गुणांची वही नसे. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावून त्याला अस्मान दाखविले, की कुस्ती संपली. हीच निकाली कुस्ती. पुष्कळ वेळ खडाखडी होऊनही निकाल लागेना, तर पंच मधे पडून कुस्ती बरोबरीत सोडवीत. या पद्धतीचा मोठा गुण असा, की निकाल बहुधा सर्वांच्या डोळ्यांपुढे लागे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हरलेला मल्ल उठताना त्याच्या पाठीची माती सगळा फड पाहत असे.

तथापि त्या काळीही वाद नव्हते असे कोणी समजू नये. दोन्ही खांदे टेकले, की एकच टेकला? टेकले ते क्षणभर, की पंचाची खात्री होईपर्यंत? खाली गेलेला मल्ल स्वतः पाठीवर लोळून निसटत होता, की वरच्याने त्याला दाबून धरले होते? हे प्रश्न जुनेच आहेत. फरक एवढाच, की त्या काळी प्रश्न एकच असे. सारा वाद कुस्तीच्या शेवटच्या क्षणाभोवती फिरे. गुणांची पद्धत आल्यापासून मात्र झुंजीचा प्रत्येक क्षण वादाचा विषय होऊ शकतो.

ही गुणांची पद्धत समजून घेतल्याखेरीज आजचे वाद समजणार नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते व मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती असते. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर रेटले, तर एक गुण. त्याला खाली आणून त्याच्यावर ताबा मिळविला, तर दोन गुण. खाली असलेल्याची पाठ जमिनीकडे वळवून त्याला धोक्याच्या स्थितीत आणले, तर दोन गुण. उभ्या स्थितीतून डाव टाकून प्रतिस्पर्ध्याला थेट धोक्याच्या स्थितीत आदळले, तर चार गुण. आणि तोच डाव मोठ्या उंचीवरून, पूर्ण फेक करून साधला, तर पाच. मुक्त पद्धतीच्या कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली, की लढत तेथेच थांबते. चितपट झाली, तर गुण कितीही असोत, कुस्ती संपते.

गुण समसमान झाले तर काय? तेव्हा ज्याने अधिक मोलाचा डाव केला असेल तो विजयी. तेथेही बरोबरी असेल, तर ज्याला पंचांच्या ताकिदी कमी मिळाल्या तो. आणि तीही सारखी असेल, तर ज्याने शेवटचा गुण मिळविला तो. म्हणजे फळ्यावर दोन सारखे आकडे दिसत असतानाही एक मल्ल जिंकलेला असतो. नियम ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला हा उघड अन्याय वाटतो. वस्तुतः हा नियम लढतीपूर्वीच ठरलेला असतो आणि दोन्ही मल्लांना तो माहीत असतो.

पंच तिघे असतात. एक आत मल्लांजवळ, दुसरा कडेला आणि तिसरा त्यांचा प्रमुख. गुण देताना तिघांपैकी दोघांचे एकमत लागते. एखाद्या निर्णयाविषयी शंका आली, तर मल्लाचा मार्गदर्शक एक मऊ ठोकळा आत टाकून दाद मागू शकतो. मग चित्रफीत पुन्हा पाहिली जाते. दाद फेटाळली गेली, तर समोरच्याला एक गुण मिळतो. चितपटीचा निर्णय मात्र या दादीच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. कारण तो देतानाच प्रमुख पंचाची संमती घ्यावी, अशी अट आहे.

‘महाराष्ट्र केसरी’ ही स्पर्धा १९६१ साली सुरू झाली, आणि आज तिच्यात माती व गादी असे दोन विभाग असतात. दोन्हीकडे गुण मोजले जातात. माती तीच असली, तरी तिच्यावरचा हिशेब नवा आहे. हा हिशेब किती बारीक असू शकतो, हे सातारकरांनी एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच शहरात पाहिले. त्या वर्षीची अंतिम लढत कोल्हापूरचे पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांच्याविरुद्ध ५–४ अशी जिंकली. मानाची गदा आणि रिकामे हात यांत फक्त एका गुणाचे अंतर होते. एवढ्या अरुंद अंतरावर निकाल लागू लागले, की एका पंचाची एक दृष्टी आणि एका क्षणाचा एक अर्थ यांना केवढे मोल येते, हे सांगावयास नको.

आता ज्या लढतीने उभ्या महाराष्ट्राला महिनाभर बोलते केले, ती पाहू. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यास कोथरूड येथे महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली होती. माती विभागाच्या निर्णायक लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही सोलापूर जिल्ह्याचे. महेंद्र यांनी बाहेरची टांग हा डाव टाकला आणि पंचांनी त्या डावाला चार गुण दिले. लढत महेंद्र जिंकले. पुढे अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांनी त्यांना हरवून किताब मिळविला. परंतु लोकांच्या तोंडी राहिले ते बाहेरच्या टांगेचे चार गुण.

वादाचा मुद्दा साधा होता. डाव बसला, हे कोणीच नाकारीत नव्हते. सिकंदर खाली आले, हेही कोणी नाकारीत नव्हते. प्रश्न असा होता, की ते खाली येताना त्यांची पाठ थेट धोक्याच्या स्थितीत आली, की ते कुशीवर आले? पहिली गोष्ट खरी असेल, तर चार गुण योग्य. दुसरी खरी असेल, तर चार गुण अधिक झाले. धोक्याची स्थिती म्हणजे काय, याची व्याख्या नियमात दिलेली आहे. मल्लाची पाठ गादीकडे वळून तिने गादीशी काटकोनापेक्षा लहान कोन केला, की ती धोक्याची स्थिती. कागदावर ही व्याख्या अगदी निःसंदिग्ध आहे. शाळेतला मुलगा कोनमापक लावून काटकोन आणि लघुकोन यांतील भेद सांगेल. परंतु भल्या वजनाचा मल्ल हवेतून खाली येत आहे, त्याचा एक खांदा पुढे व एक मागे आहे, त्याच्या अंगावर दुसरा तेवढाच देह आहे आणि हा सारा प्रकार डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडत आहे. तेथे कोनमापक कोणी लावावा?

त्यात आणखी एक अडचण आहे. कोन हा पाहणाऱ्याच्या जागेवरून बदललेला दिसतो. पाठीच्या बाजूने पाहणाऱ्याला जो देह कुशीवर दिसतो, तोच पायाच्या बाजूने पाहणाऱ्याला पाठीवर गेलेला दिसतो. चित्रफीतही एकाच बाजूने घेतलेली असते. ती तिच्या बाजूचे सत्य सांगते. लोक भ्रमणध्वनीवर तीच ती फीत मंद गतीने फिरवून पाहत होते आणि दोन्ही पक्ष तिच्यातूनच आपापला पुरावा काढीत होते. मंद गतीचा एक दोषही ध्यानात ठेवावयास हवा. तिच्यात क्षणभराचा स्पर्श लांबलचक दिसतो, आणि पाठ टेकून राहिली असा भास होतो.

येथेच वादाचे तीन थर वेगळे करता येतात. पहिला थर घडले काय, याचा. खांदा टेकला, की नाही. पाय रेषेबाहेर गेला, की नाही. हा प्रश्न डोळ्यांचा आहे, आणि अधिक चांगल्या चित्रफितीने तो बव्हंशी सुटू शकतो. दुसरा थर, घडलेल्या गोष्टीला नियमाच्या कोणत्या कलमात बसवावयाचे, याचा. हा प्रश्न बुद्धीचा आहे. फीत कितीही स्पष्ट असली, तरी ‘थेट’ या शब्दाचा अर्थ ती सांगत नाही. तिसरा थर, नियम तसा असावा, की नसावा, याचा. ‘सारा वेळ चढाई एकाने केली आणि एका डावावर दुसरा जिंकला, हे बरे नव्हे’ असे जो म्हणतो, तो खरे म्हणजे पंचाशी भांडत नसून नियमाशी भांडत असतो. पारावरचे वाद मिटत नाहीत याचे मुख्य कारण हे, की एक जण पहिल्या थरावर उभा राहून बोलतो आणि दुसरा तिसऱ्या थरावरून त्याला उत्तर देतो.

पुण्याचा वाद पारावरच राहिला असता, तर त्यात वावगे काही नव्हते. परंतु पंचांना दूरध्वनीवरून धमकी दिल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. कुस्तीच्या पंचाला पोलिसांचा आसरा घ्यावा लागावा, ही गोष्ट कुस्तीवर प्रेम करणाऱ्यांना खाली पाहावयास लावणारी होती. स्वतः सिकंदर शेख यांनी उत्तर दिले ते आखाड्यात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे त्यांनी शिवराज राक्षे यांना हरवून महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली.

दोन वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२५ रोजी, अहिल्यानगर येथे याहून कटू प्रसंग घडला. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळ यांना चितपटीने विजयी घोषित केले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे शिवराज राक्षे यांचे म्हणणे होते. चित्रफीत पाहावी, अशी त्यांची मागणी होती. ती मानली गेली नाही, तेव्हा संतापाच्या भरात त्यांनी पंचावर लाथ उगारली. त्यानंतरच्या अंतिम लढतीतही गुणांवरून वाद झाला आणि महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेले. मोहोळ विजेते ठरले. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली आणि लाथ ज्या निकालावरून उगारली गेली, त्याची छाननी मागाहून चौकशी समितीकडे आली.

या प्रसंगात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वाद पुन्हा जुन्याच प्रश्नावर येऊन ठेपला. गुणांचे कोष्टक, घड्याळ, फिती, तीन पंच एवढे सारे असूनही शेवटी प्रश्न उरला तो आजोबांच्या काळचाच : पाठ लागली होती, की नव्हती? चितपटीला दाद नाही, हा नियम ज्या विश्वासावर उभा आहे, तो विश्वास असा, की प्रमुख पंचाने स्वतः पाहून संमती दिलेली आहे. तो विश्वास प्रेक्षकांच्या मनात नसेल, तर नियम बरोबर असूनही निकाल गळी उतरत नाही.

असे वाद केवळ आपल्याकडेच होतात असे नाही. मुष्टियुद्धात तर ते कुस्तीहून अधिक आहेत. ६ एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेत लास वेगास येथे मार्विन हॅगलर आणि शुगर रे लिओनार्ड यांची बारा फेऱ्यांची लढत झाली. त्या निकालावर मुष्टियुद्धाचे शौकीन अजून भांडतात. तेथे प्रत्येक फेरीचा हिशेब निराळा असतो. फेरी जिंकणाऱ्यास दहा गुण आणि हरणाऱ्यास साधारणतः नऊ. एका परीक्षकाने लिओनार्डला ११५–११३ असे विजयी ठरविले. दुसऱ्याने नेमक्या तेवढ्याच गुणांनी हॅगलरला विजयी ठरविले. तिसऱ्याने लिओनार्डला ११८–११० अशी मोठी आघाडी दिली. दोन विरुद्ध एक अशा मताने लिओनार्ड जिंकला.

हे आकडे उलगडून पाहिले, तर वादाचे मूळ सापडते. सात फेऱ्या जिंकणाऱ्याला सत्तर आणि हरलेल्या पाच फेऱ्यांचे पंचेचाळीस, मिळून ११५. दुसऱ्याला पन्नास आणि त्रेसष्ट, मिळून ११३. म्हणजे पहिल्या परीक्षकाने लिओनार्डला सात फेऱ्या दिल्या आणि दुसऱ्याने पाच. तिसऱ्याने मात्र बारापैकी दहा दिल्या. एकाच लढतीत एकाला पाच फेऱ्या दिसाव्यात आणि दुसऱ्याला दहा, हे ऐकून कोणीही थक्क होईल. पण समजा, बारांपैकी पाच-सहा फेऱ्या अगदी घासून झाल्या. अशा प्रत्येक फेरीत परीक्षकाला कोणा एकाची निवड करणे भाग असते. ज्याला लिओनार्डची चपळाई भावली, त्याने त्या साऱ्या फेऱ्या त्याला दिल्या. ज्याला हॅगलरचा पुढे घुसण्याचा जोर मोलाचा वाटला, त्याने त्या हॅगलरला दिल्या. प्रत्येक फेरीत मतभेद केसाएवढा. बेरजेत तो डोंगराएवढा झाला.

बेरजेची ही करामत आपल्या मेरी कोम यांच्याही वाट्याला आली. २९ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाशी त्यांची लढत झाली. परीक्षक पाच होते व फेऱ्या तीन. पहिली फेरी चार विरुद्ध एक मताने व्हॅलेन्सियाला गेली. दुसरी आणि तिसरी प्रत्येकी तीन विरुद्ध दोन मताने मेरी कोम यांना मिळाली. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या, तेव्हा लढतही आपलीच, असे त्यांना आणि त्यांच्या चाहत्यांना वाटले. निकाल मात्र तीन विरुद्ध दोन मताने व्हॅलेन्सियाच्या बाजूने लागला. हिशेब असा, की पाच परीक्षक आणि तीन फेऱ्या मिळून मते पंधरा. मेरी कोम यांना एक, तीन आणि तीन, म्हणजे सात. व्हॅलेन्सियाला चार, दोन आणि दोन, म्हणजे आठ. शिवाय प्रत्येक परीक्षकाची बेरीज त्याची त्याची वेगळी. फेऱ्या मोजणाऱ्याला एक निकाल दिसला आणि परीक्षक मोजणाऱ्याला दुसरा.

माणसाच्या नजरेवर भरवसा नसेल, तर यंत्र आणावे, असे कोणी म्हणेल. तोही प्रयोग होऊन गेला आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने यजमान देशाच्या पार्क सी-हुनवर ठोशांचा वर्षाव केला. वार्ताहरांच्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे आणि पार्कचे ३२ भरले. तरी तीन विरुद्ध दोन मताने सुवर्णपदक पार्कला मिळाले. त्याच स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्ध्याचा चषक मात्र जोन्सला दिला गेला. या प्रकाराने जग इतके विटले, की १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये यंत्र आले. ठोसा बसला, की परीक्षकाने कळ दाबावयाची. पाचांपैकी तिघांनी जवळजवळ एकाच क्षणी ती दाबली, तरच गुण. त्यामुळे उघड पक्षपाताला आळा बसला, पण नवे दोष उभे राहिले. झपाट्याने बसलेले लागोपाठचे ठोसे आणि अंगावरचे ठोसे यंत्राच्या हिशेबात पुरेसे येईनात. खेळाडू मग यंत्राला दिसेल तेवढेच खेळू लागले. २०१२ नंतर ती पद्धत सोडून दहा गुणांची पद्धत घेण्यात आली, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुन्हा निकालांवर वाद झालेच. कळ दाबणारे बोट माणसाचेच होते, एवढा बोध यातून निघतो.

पंचाची बाजू सांगितली, आता प्रेक्षकाची पाहू. प्रेक्षक जे पाहतो, ते खोटे नसते. परंतु तो निवडून पाहतो. ज्या मल्लावर त्याचा जीव असतो, त्याच्याच हालचालींवर त्याची नजर खिळलेली असते. समोरच्याने केलेला बचाव त्याच्या नजरेतून निसटतो. दुसरे, प्रेक्षक शेवट फार लक्षात ठेवतो. पहिल्या मिनिटातले दोन गुण तो विसरतो आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटातली धडपड त्याला सारी कुस्ती वाटते. पंचाच्या वहीत मात्र दोन्ही गुणांची किंमत सारखीच असते. तिसरे, हलगीचा ताल आणि लोकांची आरोळी यांचाही परिणाम होतो. हजारो कंठांतून गर्जना उठली, की कानाला जे पटते, ते डोळ्यालाही दिसू लागते. पंचाने या साऱ्यापासून अलिप्त राहावे अशी आपली अपेक्षा असते. आणि प्रेक्षकाने अलिप्त राहावे, तर तो फडावर येईलच कशाला?

म्हणून प्रेक्षकांचा वाद हा दोष मानू नये. गावोगावच्या तालमींत वस्तादांभोवती बसून पोरांनी हेच वाद घातले आणि त्यातूनच डाव, प्रतिडाव व नियम यांचे ज्ञान पुढच्या पिढीला मिळाले. दोष सुरू होतो तो वाद पंचाच्या नीतीवर घसरला म्हणजे. ‘पंचाला दिसले नाही’ आणि ‘पंचाने पैसे घेतले’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले वाक्य कोणीही बोलावे. दुसरे बोलणाऱ्याने हातात पुरावा ठेवूनच बोलावे.

याचा अर्थ पंचांकडून अन्याय होतच नाही, असा नव्हे. सातारा जिल्ह्याला तर याचे फार थोर उदाहरण लाभले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु त्या वर्षी मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपणास जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या चरित्रात पुढील हकीकत सांगितली जाते. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी त्यांना निवड चाचणीत उतरण्याची संधी मिळवून दिली, आणि तेथे खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून आपले स्थान मिळविले. पुढे प्रवासाच्या खर्चासाठी गावाने वर्गणी काढली, आणि त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकले. एका गुणाने ही सारी वाट बंद झाली असती.

एका गुणाची किंमत ही अशी असते. मल्लाच्या मागे एक घर उभे असते. दूध, तूप, बदाम यांच्या खुराकापायी बापाने एखादी जनावरांची जोडी विकलेली असते; आईने पोरगा वर्षानुवर्षे परगावच्या तालमीत ठेवलेला असतो. ऐन उमेदीची सात-आठ वर्षे एवढेच त्याचे भांडवल. त्यातील तीन वर्षे बंदीत गेली, तर काय उरले, याचा हिशेब कोणत्याही शेतकऱ्याला करता येईल. म्हणून पंचाचा निर्णय काळजीपूर्वक व्हावयास हवा. आणि म्हणूनच मल्लानेही रागाच्या एका क्षणात आपले भांडवल उधळता कामा नये. खाशाबांनी तक्रार केली, ती योग्य माणसापुढे केली, आणि संधी मिळताच उत्तर दिले ते डावाने दिले. निमूटपणे अन्याय सोसणे आणि लाथ उगारणे या दोहोंच्या मधली ही वाट आहे.

आता उपाय कोणते, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. निर्णायक लढतींचे चित्रण निदान दोन बाजूंनी व्हावे आणि चितपटीचा निर्णय पुकारण्यापूर्वी प्रमुख पंचाने ते पाहावे. ज्या निर्णयावर दाद मागितली गेली, त्याचे कारण ध्वनिक्षेपकावरून मराठीत दोन वाक्यांत सांगावे : ‘पाठ थेट वळली म्हणून चार गुण’ किंवा ‘कुशीवर आला म्हणून दोन.’ कारण कळले, की निम्मा राग तेथेच ओसरतो. जत्रांच्या फडांवर कुस्त्या लागण्यापूर्वी पाच मिनिटे नियम वाचून दाखवावेत. पंचांना मानधन, शिक्षण आणि संरक्षण तिन्ही मिळावे. आणि चुकीचा निर्णय दिला असे चौकशीत ठरले, तर ते उघडपणे जाहीर करावे. कारण झाकलेली चूक प्रेक्षक विसरत नाहीत.

प्रेक्षकांकडेही थोडे काम उरते. निकाल पटला नाही, तर आपण कोणत्या थरावरून बोलत आहो, हे त्याने आधी स्वतःस विचारावे. खांदा टेकला नाही असे म्हणावयाचे आहे, की टेकूनही गुण कमी मिळावयास हवे होते असे म्हणावयाचे आहे, की हा नियमच बदलावा असे म्हणावयाचे आहे? पहिल्या प्रश्नाला फीत आहे, दुसऱ्याला नियमांचे पुस्तक आहे आणि तिसऱ्याला कुस्तीगीर परिषदेची बैठक आहे. तिन्हींपैकी एकाही प्रश्नाला पंचाची गचांडी हे उत्तर नाही.

‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणताना पूर्वजांना हे ठाऊक होते, की पाचही जण माणसेच आहेत आणि त्यांचे डोळेही माणसाचेच आहेत. तरीही तंटा कोठेतरी थांबावा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांनी एकाच विहिरीवर पाणी भरावे, एवढ्यासाठी त्यांनी पंचांच्या शब्दाला मान दिला. तो मान पंचांनी प्रत्येक कुस्तीत नव्याने कमवावा लागतो, आणि प्रेक्षकांनी तो पुढच्या कुस्तीपर्यंत जपावा लागतो.